शेवटाकडून रस्ता बघणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई रामटेके भेटल्या की पहिली चौकशी तब्येतीची करत नसत, लघवीची करत. "काय भाऊ, आज पिवळं का पांढरं?" हा प्रश्न त्यांनी मला आमच्या रेल्वेच्या ऑफिसात, भर दुपारी, चार माणसांसमोर खणखणीत आवाजात विचारलेला आहे. एकदा तर साहेबांच्या केबिनमध्ये विचारला. साहेब बिहारकडचे, त्यांना मराठी कळत नव्हतं म्हणून वाचलो. मी लाजून "पांढरं, पांढरं" म्हणायचो, त्यावर त्या माझ्या ओठांकडे बघून म्हणायच्या, "खोटं बोलून राहिले तुमी. ओठ पाहा कसे फुटले. जा, एक तांब्या पानी प्या, मंग फाईल आना." आता बदली होऊन मी बिलासपूरला आलो. इथे माणसं सभ्य आहेत, असलं काही विचारत नाहीत, आणि मी दिवसभर पाणी प्यायचं विसरतो.

रायपूरच्या उन्हात पळायचं वेड त्यांनी आम्हा पाचपन्नास लोकांना लावलं होतं. पळणाऱ्यांत सगळ्या तऱ्हा होत्या. पंडरीचे कापडवाले शेठ, समता कॉलोनीतल्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई, बीरगांवचे कारखान्यातले फिटर, आणि माझ्यासारखे पोट सुटलेले बाबू. सगळे त्यांना दीदी म्हणायचे. मी मात्र कुंदाताई म्हणायचो, कारण आमचं दोघांचंही मूळ विदर्भातलं, आणि त्या नात्यावर मला इतरांपेक्षा दोन शिव्या जास्त मिळायच्या. तरुणपणी त्या रेल्वेच्या संघाकडून शर्यती पळालेल्या, आमच्या ऑफिसातली नोकरीही त्यावरच लागलेली. पुढे गुडघा गेला. पण पळणं सुटलं तरी रस्ता सुटला नव्हता.

रस्ता बघायची त्यांची तऱ्हाच वेगळी होती. शर्यत ठरली की त्या आधी शेवटच्या कमानीची जागा गाठायच्या आणि तिथून उलट्या दिशेने सुरुवातीपर्यंत चालत यायच्या. लोक हसायचे. त्या म्हणायच्या, "सुरुवात तं कोनालेही येते. माणूस मरते शेवटाले. म्हनून शेवट आधी पाहून घ्यावा." चालताना मधेच वाकून बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतायच्या आणि ते कुठे वाहतं ते बघत उभ्या राहायच्या. डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता पायांना चढ असतो, हे त्या पाण्याकडून कबूल करून घ्यायच्या. कोणत्या घडीला कोणत्या बाजूला सावली पडते, कोणत्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, कुत्री पळणाऱ्याच्या मागे लागतात, सगळं त्यांना पाठ. सकाळी आपल्या बीरगांवच्या घराच्या गच्चीवर कठड्यावरून बोट फिरवायच्या. बोट काळं झालं की कारखान्यांकडचा वारा, मग त्या दिवशी आमची पळायची दिशा बदलायची. उन्हाळा लागला की सगळ्यांना सक्तीने बासी खायला लावायच्या. बासी म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, सोबत कांदा. त्यांच्या आईला हे कधीच पटलं नाही. म्हातारी चिडायची, "माहेरी शिळं खाल्लं नाही कधी, अन् इथं येऊन पोरगी लोकाईले शिळं चारून राहिली."

या सगळ्यामागे काय होतं ते आम्हाला माहीत होतं, पण कोणी बोलत नसे. त्यांचा धाकटा भाऊ विनोद. तोही पळायचा, बहिणीपेक्षा चांगला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शर्यतीत, भर उन्हात, शेवटची कमान दिसत असताना तो पडला आणि उठला नाही. कुंदाताई तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. एवढंच. याच्या पुढचं त्या सांगत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

विनोदची मुलगी पल्लवी. बाप गेला तेव्हा कडेवर होती. आता कॉलेजात जाते, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. आणि रक्तातच आलं म्हणायचं, ती पळायची, आणि काय पळायची! आमच्यासारख्यांना ती दोनदा वळसा घालून जायची आणि वर विचारायची, "अंकल, सब ठीक?" मला तिचा रागही यायचा आणि तिला बघत राहावंसंही वाटायचं. पण तिची आई छायावहिनी तिला शर्यतीत उतरू देत नव्हती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथे तर घरच जळलं होतं. शेवटी एका संध्याकाळी कुंदाताईच भावजयीसमोर बसल्या. मी तेव्हा तिथे चहा पीत होतो. बोलणं फार झालं नाही.

"ताई, तुमच्या भरवशावर सोडून राहिली मी," छायावहिनी म्हणाल्या. "बाकी मले कोनाचा भरवसा नाही. तुमी थांब म्हनान तं तिनं थांबाचं. हे एक."

"थांबन ती," कुंदाताई म्हणाल्या. "पल्लवी, आयकलं न व?"

"हाँ बुआ, प्रॉमिस," पल्लवी म्हणाली. तिच्या जिवाला काय, पळायला मिळत होतं.

त्या दिवसापासून कुंदाताईंची झोप गेली. शहरातली हाफ मॅरेथॉन दरवर्षी थंडीत व्हायची. त्या वर्षी परीक्षांमुळे की कशामुळे ती पुढे ढकलली आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर आणून ठेवली. पंडरीतून निघायचं, बीरगांवच्या बाजूला जाऊन वळायचं आणि परत यायचं. कुंदाताई आयोजकांकडे गेल्या. म्हणाल्या, उजाडायच्या आत सोडा, ऊन चढायच्या आधी लोक घरी जातील. आयोजक म्हणाले, "दीदी, झंडी दिखाने मंत्रीजी आएँगे, वो इतनी सुबह नहीं आते." कुंदाताई म्हणाल्या, "तो आप दिखा दो झंडी, हाथ तो आपको भी दो हैं." त्यानंतर त्यांना चहा मिळाला, वेळ बदलून मिळाली नाही. बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "ठीक आहे. सूर्य आपल्या हातात नाही. पानी तं आहे."

आणि मग त्यांनी ती कूलरची युक्ती काढली. आमच्या घरांत उन्हाळा म्हणजे कूलर. खिडकीत लोखंडी पेटी, तिला वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, ताट्यांवर पाणी आणि आत पंखा. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आली की थंड होते. नागपूर असो की रायपूर, आपल्या माणसाचा देवाखालोखाल कूलरवर विश्वास. कुंदाताई म्हणाल्या, "मानसालेच कूलर करून टाकू. वारा तं पळताना लागतेच." पल्लवीच्या गळ्याभोवती ओला गमछा, मनगटांना ओल्या पट्ट्या, डोक्यावर ओली टोपी. वाटेत ठिकठिकाणी आमची माणसं बादल्या घेऊन उभी राहणार, सुकलेला गमछा घेऊन ओला देणार. मार्चभर त्यांनी याचा सराव करून घेतला. सकाळच्या कोरड्या खणखणीत उन्हात पल्लवी अशी पळाली की आम्ही बघतच राहिलो. काळ्या बनियनवर घाम वाळून मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे आणि पोरगी हसत यायची. तिचा वेग त्या सरावावरच ठरला. कुंदाताईंनी तो तिच्याकडून घोकून घेतला. किती जोरात जायचं, कुठे आवरायचं, शेवटच्या ओव्हरब्रिजसाठी किती जीव राखायचा.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी वादळ आलं. आधी धूळ, मग गारा, मग चांगला सडकून पाऊस. आमच्या ग्रुपवर आनंदाला उधाण आलं. मौसम मस्त, दीदी की जय, भगवान ने सुन ली. मीही एक हात जोडलेलं चित्र पाठवलं. कुंदाताईंनी कोणालाच उत्तर दिलं नाही.

सकाळी पंडरीत आभाळ भरलेलं होतं. हवेत गारवा होता, निदान आम्हाला तसा वाटला. लोक नाचत होते, लाऊडस्पीकर कोकलत होता. कुंदाताई मात्र सारख्या आपल्या पदराचं टोक चोळत उभ्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही समजून नाही राहिलं, भाऊ. रातभर कूलर चालू होता, पन अंग चिपचिप. अन् हा गमछा पाहा. काल सांजचा धुतला. अजून ओलाच."

"पाऊस झाला ना. थंडी पडली."

"थंडी पडली," त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज पटल्यासारखा नव्हता. त्यांनी पल्लवीच्या गळ्यात गमछा बांधला, तोंडावरून हात फिरवला. पल्लवी म्हणाली, "बुआ, आज तो पोडियम पक्का." छायावहिनी आल्या नव्हत्या. त्यांनी फक्त निरोप पाठवला होता की घरी बसते, झालं की फोन करा. मंत्री आले, उशिरा आले, झेंडी हलली आणि माणसांचा लोंढा सुटला.

आम्ही दोघं माझ्या स्कूटीवरून बीरगांवच्या वळणापाशी जाऊन उभे राहिलो. आमची सगळ्यात लांबची बादली तिथे होती. तेवढ्यात ढग फाटले आणि ऊन पडलं. ओला रस्ता वाफाळायला लागला. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर तोंडावर येते तशी हवा. पुढची पोरं आली. मग पल्लवी आली, मुलींत दुसरी. वेग अगदी ठरल्याप्रमाणे. गमछा घेतला, हात हलवला, गेली. मी टाळ्या वाजवल्या. कुंदाताईंनी नाही वाजवल्या. त्या हातातल्या, तिने टाकलेल्या जुन्या गमछ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतःचा हात बादलीत बुडवला आणि वर धरला. पाणी हातावर तसंच राहिलं. त्या बघत राहिल्या, पाणी वाळेना. आमच्यातला एक फिटर पळत आला. त्याचं काळं बनियन अंगाला चिकटून गळत होतं.

"पांढरं नाही चढलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मीठ, भाऊ. कोनाच्याच अंगावर मीठ नाही चढलं. घाम वाळूनच नाही राहिला." त्यांचा चेहरा एकदम बदलला. "पावसाळ्यात कूलर लावते काय कोनी? अरे बाप्पा. पानी वाळलं तं थंडी येईन न. आपन तिले ओल्या गोधडीत गुंडाळून धाडलं. अन् वेग मी उन्हाळ्याचा देल्ला. चाला. गाडी काढा. ओव्हरब्रिज!"

ओव्हरब्रिज शेवटाच्या जरा आधी. मुख्य रस्ता शर्यतीसाठी बंद, पोलीस उभे. पण उलट दिशेने चाललेल्या बाईला गल्ल्या माहीत असतात. त्या मागून खांद्यावर थापा मारत होत्या. डावीकडे, आता मंदिरामागून, थांबू नका, हॉर्न मारा. एका गल्लीत लग्नाचा मांडव आडवा आला. दुसरीत कापडाचे गठ्ठे उतरवणारा टेम्पो. मी घाबरून हळू झालो की त्या ओरडायच्या. मध्ये आमच्या ग्रुपची माणसं रस्त्याच्या तोंडाशी दिसली की ओरडायच्या, "घड़ी फेंको! धीरे चलो! आज घड़ी मत देखो!" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हात उंचावून अंगठा दाखवला. त्यांना वाटलं, दीदी हुरूप देताहेत.

आणि त्या धावपळीत, माझ्या कानाशी, त्यांनी ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"विनोदनं मले सांगतलं होतं, भाऊ. मी कडेले उभी होती. तो पळता पळता म्हने, अक्का, थंडी वाजून राहिली. मी हासली. मे महिना होता न. मी म्हनलं, बरं हाय न मंग, चाल, थोडंच राहिलं. थोडंच राहिलं म्हनलं मी त्याले."

मी हॉर्न दाबत राहिलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला देवाचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या झेंडीवाल्या मंत्र्याचा.

ओव्हरब्रिजच्या पायथ्याशी आम्ही पोचलो तेव्हा पल्लवी नुकतीच येत होती. अजून दुसरीच. पुढची मुलगी चढावर दिसत होती, आणि अंतर कमी झालेलं. बघ्यांनी गलका केला होता. पल्लवीचं पाऊल नीट पडत होतं, निदान माझ्या डोळ्यांना तरी नीटच. कुंदाताई गुडघा विसरून तिच्या बाजूने पळायला लागल्या.

"पल्लवी! कसं वाटून राहिलं?"

"मस्त, बुआ!" ती हसली. "एकदम ठंडा लग रहा है!"

तिच्या दंडावर काटा उभा होता. तो मलाही दिसला.

"थांब," कुंदाताई म्हणाल्या.

"क्या?"

"थांब म्हनलं न. थांब!"

"बुआ, बस ब्रिज है! थोड़ा ही तो बचा है!"

कुंदाताईंनी तिला धरलं. दोन्ही हातांनी, कमरेला, जत्रेत हरवू पाहणाऱ्या लेकराला धरावं तसं. पल्लवीने झटका दिला, त्या सुटल्या नाहीत. दोघी दुभाजकावर आदळल्या. लोक ओरडायला लागले. एक स्वयंसेवक शिट्टी वाजवत आला. "मैडम, आप ऐसे ट्रैक पर नहीं आ सकते, बच्ची डिस्क्वालिफाई हो जाएगी." कुंदाताईंनी त्याच्या हातातली पाण्याची बाटली हिसकून घेतली आणि पल्लवीच्या मानेवर ओतली. गमछा ओरबाडून काढला, टोपी फेकली. मला म्हणाल्या, "बर्फ! भाऊ, बर्फ!" मी समोरच्या उसाच्या रसवाल्याकडे पळालो. त्याने बर्फाची अख्खी लादी दिली आणि वर पोत्याचा तुकडाही.

तिसरी मुलगी आमच्या शेजारून गेली. मग चौथी.

कुंदाताईंनी बर्फ पल्लवीच्या काखेत, मांड्यांशी, मानेशी धरला. ती थरथरत होती. ते बर्फाने की कशाने, कोण सांगणार? पुढे तंबूतल्या डॉक्टरने तपासलं. म्हणाला, अब तो ठीक है, ताप होता का ते आता कळणार नाही, तुम्ही आधीच थंड करून आणलं. तंबूत आणखी तिघेचौघे आडवे होते, एकाला सलाईन लागलेलं होतं. पण तंबूत असे लोक दरवर्षी असतात. आमच्या ग्रुपात त्या दिवसापासून दोन तट पडले. कापडवाले शेठ म्हणायचे, दीदीने बच्ची का मेडल खा लिया, डर के मारे. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, वाचवलं. मला विचाराल तर मला आजही माहीत नाही. जे झालं नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? आणि कुंदाताईंनाही ते कधीच कळणार नव्हतं, हे त्यांना त्या पुलाच्या पायथ्याशीच ठाऊक असणार.

पुढे माझी बदली होईपर्यंत त्या रोज भेटत होत्या. पण कुंदाताई म्हटलं की मला त्या दिवसाचं शेवटचं दृश्यच दिसतं. तंबूतून बाहेर आलो होतो. कमानीकडून बक्षिसांची नावं लाऊडस्पीकरवर ऐकू येत होती. कुंदाताईंनी छायावहिनींना फोन लावला, "हो, ठीक हाय. झालं. घेऊन येऊन राहिली," एवढंच बोलून ठेवला. मी ई-रिक्षा थांबवली. पल्लवी रिक्षात बसता बसता फुटली.

"क्या हुआ था मुझे? बोलो ना! कुछ नहीं हुआ था! मैं ठीक थी बुआ! पूरे साल की मेहनत थी मेरी! आपने सबके सामने... मैं कभी बात नहीं करूँगी आपसे! मैं ठीक थी, सुन रहे हो आप?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं, कुंदाताई समजावतील, नाहीतर एक ठेवून देतील. हात त्यांचा तसा सैलच होता. पण त्या तिच्या शेजारी बसल्या. साडी चिखलाने भरलेली, कोपर सोलवटलेलं, दुखरा गुडघा हातांनी उचलून आत घेतलेला. तिच्या तोंडाकडे त्या एकटक बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"हव," त्या म्हणाल्या. "ठीक होतीस. ओरड. अजून ओरड."

रिक्षा निघाली. पल्लवी अजून ओरडतच होती. रिक्षा वळेपर्यंत मला तिचा आवाज ऐकू येत होता, आणि कुंदाताईंची मान हलताना दिसत होती.